पहिलं दळण

१९ ऑक्टोबर २०१५, सोमवार

सकाळी — चहा, अर्धी भाकरी. दुपारी — भाकरी एक, मुगाचं वरण. रात्री — भात, ताक. पोट — चार वेळा.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे, रोज काय खाल्लं ते लिहायचं. लिहायची मला सवय आहे. गावच्या दूध संस्थेत सव्वीस वर्षं लिटर आणि फॅट लिहितो. स्वतःचं मात्र कधी लिहिलं नाही. ही वही सावित्रीची. किराण्याच्या यादीसाठी आणली होती, चारच पानं भरली. पाचव्या पानापासून मी.

रक्त आधी तपासलं होतं. परवा अंबाजोगाईला दुर्बीण घातली. बाई म्हणाल्या, "काका, याला सिलिॲक म्हणतात. गव्हात जो चिकटपणा असतो तो तुमच्या आतड्याला चालत नाही. गहू, मैदा, रवा, जव — बंद. आयुष्यभर."

मी म्हटलं, बाई, माझी बायको मार्चमध्ये गेली. तेव्हापासून मी उतरलोय.

"दुःख असेलच. पण हे दुःखानं झालेलं नाही काका, गव्हानं झालंय."

मला राग आला. एसटीत बसलो तरी राग. धारूरचा घाट संपला तरी राग! कशाचा ते सांगता येत नाही. वजन ४३.

२० ऑक्टोबर

अक्काला सांगितलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, भिवराबाई. सावित्रीच्या तेराव्याला आली ती राहिलीच. तिच्या घरी कोणी नाही, आम्हाला मूलबाळ नाही. सात महिने ती मला दुधात कुस्करलेली पोळी, लापशी, टोस्ट असं देतेय — आजारी माणसाला हलकं म्हणून.

अक्का म्हणाली, "गव्हानं कुणाला काय झालतं का कधी? राशनचा गहू सगळा मुलूख खातोय. डॉक्टरीण लहान असंल."

"चाळिशीची आहे."

"मंग लहानच की!"

घरात दोन कोठ्या ज्वारी आहे. सावित्रीनं दोन वर्षांपूर्वी भरलेला शाळू, कडुलिंबाचा पाला घालून. तेव्हा मी म्हणालो होतो, दोघांच्या घरात एवढी ज्वारी कशाला, लग्न काढलंय का? यंदा रब्बीची पेरणीच नाही, जमिनीत ओल नाही. आज गावात ज्वारी आहे ती आमच्याच घरी.

२२ ऑक्टोबर

दसरा. आमच्याकडे वर्षभर दुःख पाळतात, त्यामुळे सण नाही. संस्थेत चेअरमन आप्पारावांनी पेढा दिला. विचारलं, यात गहू नाही ना? सगळे हसले. आप्पाराव म्हणाले, "सेक्रेटरी, आमी दुधात पाणी टाकत असंल, पेढ्यात गहू न्हाई टाकत!" खाल्ला.

दूध ११८ लिटर. मागच्या दसऱ्याला चारशेच्या वर होतं.

३० ऑक्टोबर

भाकरी. भाकरी. भाकरी. पोट तसंच.

११ नोव्हेंबर, दिवाळी

शेजारच्या चार घरांतून फराळाची ताटं आली. दुःखाच्या घरी तळण होत नाही म्हणून शेजारी देतात. शंकरपाळी, करंज्या, अनारसे, चिवडा. मी चिवडा नि अनारसे घेतले. पोहे नि तांदूळ, चालतात. बाकी अक्कानं.

दुपारी धर्मराज आला, सावित्रीचा धाकटा भाऊ. तेलगावला ऊस-कापूस करतो. यंदा उसाचं पाचट झालंय म्हणाला. बसल्या बसल्या माझ्याकडे बघत राहिला. मग डोळे पुसले. "दाजी, अर्धे झालात. ताईचं लई होतं तुमाला."

खोटं कशाला लिहू — बरं वाटलं. मी बोलणारा माणूस नाही. ती गेली तेव्हा रडताही आलं नाही चारचौघांत. निदान अंगावरून तरी दिसतंय. डॉक्टरीणबाईंचं मी त्याला सांगितलं नाही. अक्काला खुणेनं गप्प केलं.

तो गेल्यावर एक गोष्ट आठवली, नको तेव्हा.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. दूध संघाचे साहेब जेवायला होते. सगळ्यांच्या ताटात पोळी. माझ्या ताटात भाकरी. नेहमीसारखीच! सणाला, पाहुण्यांत, कधीही — मला भाकरीच. त्या दिवशी मी सगळ्यांदेखत ओरडलो, "या घरात धन्याला पोळी मिळत नाही का?" ती पदरानं हात पुसत म्हणाली, "पोळ्या पुरल्या नाहीत." साहेबांनी मान खाली घातली. मी उठून बाहेर गेलो. पुढे आठ दिवस मुद्दाम आप्पारावांकडे पोळी खाल्ली आणि पोट बिघडून पडलो.

ती हाताची घट्ट, असं मी धरून चाललो. अजूनही मनात कुठेतरी आहे ते. मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये. लिहिलं.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

अंबाजोगाई. वजन ४२ आणि वर थोडं. बाईंनी वही वाचली. (दिवाळीचं पान मी टाचणी लावून बंद केलं होतं.) म्हणाल्या, "यात गहू कुठेच नाही. पण पोट म्हणतंय, आहे. कुठून तरी जातोय."

मग एकेक विचारलं. हिंग कोणता? घरी येऊन डबी वाचली. बारीक अक्षरात — गव्हाचं पीठ! हिंगात! डबी अक्कानं शेजारी दिली.

दुसरं बाईंनी विचारलं — दळण कुठे? हे मला माहीतच नव्हतं. गिरणीत पुरुष कुठे जातात? अक्का म्हणाली, स्टँडजवळच्या नव्या गिरणीत. राधाकिशनची जुनी गिरणी गेल्या गुढीपाडव्यापासून बंद आहे. मोटर जळाली, दुष्काळात दळणही राहिलं नाही, तो चाकणला मुलाकडे गेला. नव्या गिरणीत तासाला पाच माणसं. चार जणींचा राशनचा गहू, त्यामागे आमची ज्वारी. दगडाला जे लागलेलं असतं ते सगळं आमच्या डब्यात.

सावित्री दळण घेऊन पहाटेच जायची. मी सहाला संस्थेत दूध घ्यायला निघायचो, तेव्हा तीही डबा डोक्यावर घेऊन निघायची. मी म्हणायचो, कोंबड्यांच्या आधी गिरणीत काय काम असतं तुझं? ती म्हणायची, गर्दी नसते.

२९ नोव्हेंबर, रविवार

आज कळलं!!

दूध कमी, त्यामुळे काम लवकर उरकलं, आठलाच घरी आलो. अक्का चुलीपाशी. काठवटीत ज्वारीचं पीठ घेतलं. मग मागच्या पत्र्याच्या डब्यात हात घातला, एक मूठ काढली नि त्यात मिसळली. पांढरं-पिवळं, मऊ. मी दारातच उभा.

"अक्का, ते काय?"

ती दचकली. मग चोरी पकडलेल्या माणसासारखी उलट माझ्यावरच. "काय म्हंजे काय? ज्वारी दोन वर्सांची हाय. पिठाची विरी गेली. थापाया घेतली की मोडती. तुझ्या ताटात मोडकी भाकर वाढू का मी? सावित्री काय म्हनंल? म्हनून येक मूठ गव्हाचं पीठ. बांधायला!"

"रोज?"

"येकच मूठ रं."

"रोज?"

"…रोज."

चाळीस दिवस! चाळीस दिवस मी वहीत भाकरी, भाकरी लिहितोय. बाई दोन चष्मे बदलून वही वाचतायत! मला ओरडायचं होतं. पण अक्काच्या गालाला पीठ लागलेलं, डोळ्यांत पाणी, आणि एका हातात ती मूठ अजून तशीच धरलेली — टाकावी की ठेवावी. मला हसू फुटलं. आवरेना. अक्का म्हणाली, "हसतोस कावून? येड लागलं का?" मग तीही.

मार्चनंतर पहिल्यांदा हसलो.

१ डिसेंबर

काठवट घासली, तवा घासला, पत्र्याचा डबा गोठ्यात. शेजारच्या छबुबाईनं येऊन शिकवलं. जुन्या ज्वारीला थंड पाणी चालत नाही. आधण उकळू द्यायचं, पिठात ओतायचं, झाकायचं, हात भाजेपर्यंत गरम असतानाच मळायचं. विरी परत येते. दुसरं म्हणजे कळणा. पाच वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद घालून दळायचं. उडदाचा चिकटा पुरतो, गव्हाची गरज नाही.

अक्काला साठ वर्षं भाकरी येते आणि हे माहीत नव्हतं. "आमच्यात नवी ज्वारी असायची," म्हणाली. नाक वर करून.

२ डिसेंबर

अक्काचे हात भाजले म्हणून आज मी बसलो. चुलीसमोर, आयुष्यात पहिल्यांदा. वय अठ्ठावन्न. पहिली भाकरी तव्यावर जाता जाता तीन झाली.

अक्का म्हणाली, "येकाच्या तीन केल्या. लई बरकत हाय तुझ्या हाताला."

तिन्ही खाल्ल्या. शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. पोट — एकदाच!

६ डिसेंबर, रविवार

दळणाचं काय करायचं? गिरणी नको. मागच्या पडवीत सावित्रीच्या आईनं दिलेलं जातं होतं, त्याच्यावर सरपण रचलेलं. काढलं. टाकीवाल्याकडून त्याचे दगड छिन्नीनं टाकून घेतले. आज अक्का नि मी समोरासमोर बसून खुंटा धरला. ती दाण्यांची वैरण घालते, मी ओढतो. अर्ध्या तासात दोन भाकऱ्यांचं पीठ आणि माझा खांदा कामातून गेला.

"गानं म्हनू का?" अक्का.

"नको."

"बरं." थोड्या वेळानं — "तू म्हन मग."

परत हसलो. आता हे लिहायची गरज नाही, रोज होतंय.

१३ डिसेंबर

सात दिवस पोट बरं. सात! आज सकाळी धपाटे — ज्वारी, बेसन, लसूण, तीळ. दुपारी हुलग्याचं पातळ माडगं. अंबाडीची वाळलेली भाजी. दही विकतच. दूध संस्थेत काम करून दही विकत! गाई चारा-छावणीला गेल्यात. आमची एकच होती, ती तेलगावला धर्मराजकडे आहे.

भूक लागते. दुपारी चारला भूक. विसरलोच होतो भूक कशी असते.

२९ डिसेंबर

वजन ४६! बाईंनी वहीवर शाबासकी लिहिली, शाळेत लिहितात तशी. बाईंना मुठीची गोष्ट मी सांगितली नव्हती, बरोबर आलेल्या अक्कानंच सांगितली, पदर तोंडाला लावून. बाई हसता हसता खुर्चीतून पडायच्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आजी, आता तुम्हीच त्यांच्या पहारेकरी." झालं! आता अक्का प्रसादसुद्धा हुंगून बघते. मारुतीच्या देवळात पुजाऱ्याला विचारलं, "शिऱ्यात रवा हाय ना? मंग ठेव तुझ्यापाशी." मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

पण मजाही आली.

१४ जानेवारी २०१६, भोगी

दुःखात सण नाही. पण अक्का म्हणाली, "भोगी कुठं सण? भोगी म्हंजे जेवण." वाद घालण्यासारखं नव्हतं.

माळ्यावरचं एक मडकं खाली काढलं. तोंडाला फडकं, आत राख आणि राखेत राळे. सावित्रीनं बियाणं म्हणून ठेवलेले. निम्मे परत ठेवले, निम्मे शिजवले. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, राळ्याचा भात, वांगं-हरभरा-गाजर-बोरांची भाजी, वर लोण्याचा गोळा — लोणी छबुबाईकडचं.

आज मी ताटाकडे बघत राहिलो. यात गहू नाही! काढून टाकलाय म्हणून नाही, मुळातच नाही. आजी-पणजीपासून नाही. सबंध ताट माझं. काही विचारायचं नाही, काही बाजूला सारायचं नाही. भाकरी मी थापली होती, टम्म फुगली. अक्कानं बोटानं दाबून वाफ सोडली. दुसऱ्या बोटानं डोळा पुसला.

सावित्रीचं पान वेगळं वाढलं होतं. तिला भोगीचं जेवण फार आवडायचं. आता वाटतं, का आवडायचं? त्या एका दिवशी सगळ्यांच्या ताटात सारखंच, म्हणून? नाही. तिला काय माहीत असणार. डॉक्टरांना दुर्बीण घालावी लागली. ती चौथी शिकलेली.

२७ जानेवारी

वजन ५०. आरशात गाल. संस्थेत आप्पाराव सगळ्यांसमोर — "सेक्रेटरी, तब्येत लई सुधरली! बघू का येखादी? केजला येक बाई हाय, स्वैपाक चांगला." पोरं खिदळली. मी फॅटच्या नळीत डोळा घालून बसलो.

घरी आलो, जेवलो नाही. तिला जाऊन वर्ष झालं नाही आणि मला गाल आले.

५ फेब्रुवारी

निरोप आला. रविवारी धर्मराज येणार, वर्षश्राद्धाचं ठरवायला. वर्षाच्या दिवशी माहेरच्या माणसानं पुरणपोळीचा पहिला घास दुःखातल्या माणसाला भरवायचा, तेव्हा दुःख सुटतं. आमच्याकडे तसंच आहे. तो घास मला चालणार नाही. सांगायचं कसं? आणि त्याआधी हे गाल!

६ फेब्रुवारी

धारूरला गेलो होतो. स्टँडवर खारी खाल्ली. दोन. मग बिस्किटाचा पुडा. अख्खा. कुणी पाहिलं नाही.

७ फेब्रुवारी

पडून. धर्मराज आला, उशापाशी बसला. "दाजी, असं करू नका." मी भिंतीकडे तोंड केलं.

१० फेब्रुवारी

उठून बसलो. आता लिहितो.

काल अक्कानं सदरा धुवायला घेतला. खिशात पुड्याचा कागद. ती ओरडली नाही, म्हणून भीती वाटली. कागद सरळ केला, माझ्यापुढं ठेवला.

"भूक लागलती?"

"नाही."

"मंग कावून?"

मी सांगितलं. धर्मराज, दिवाळी, गाल, सगळं. मला एका दमात एवढं बोलताना तिनं कधी ऐकलं नसेल. तिनं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "मरायचं आसंल तर सरळ मर. भाकरी कावून वाया घालतोस? माझा खांदा मोडला जात्यापाई."

मग चूल पेटवली. भगर टाकली, वर तूप. "खा," म्हणाली. "तिच्यापाई खायचं आसंल तर तिच्यापाई खा."

खाल्ली.

१४ मार्च, सोमवार

अंबाजोगाई. वजन ५३. बाईंनी थांबवून ठेवलं. सिरसाळ्याची जानकीबाई म्हणून एक बाई होती, बरोबर तिची सात वर्षांची मुलगी. हातपाय काड्या, पोट फुगलेलं. आजच कळलं होतं, माझंच दुखणं. आई रडत होती. "पोळीबिगर लेकरू काय खाईल?" डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "काका, तुम्ही सांगा. माझं ऐकत नाहीत."

मी! मला तर मामलेदारापुढं बोलता येत नाही. पण वही काढली, वाचून दाखवली. धपाटे, माडगं, भगर, राजगिऱ्याचा लाडू, कळण्याची भाकरी. मूठ घालू नका, आधण घाला. दळण गव्हामागं टाकू नका. हिंगाची डबी वाचा. आई ऐकत गेली. मुलीनं विचारलं, "आजोबा, तुमाला रोज लाडू देतात?"

"राजगिऱ्याचा. रोज."

मुलगी आईकडे वळली. "मला चालतंय हे दुखनं."

येताना एसटीत घाटभर एकटाच हसत होतो. शेजारचा माणूस सरकून बसला.

२ एप्रिल, शनिवार

वर्षश्राद्ध झालं.

पाण्याचे दोन टँकर आधीच मागवले होते. माणसं बेताचीच. धर्मराज सहकुटुंब आला, डोक्यावर पुरणपोळ्यांची टोपली. मी पाटावर. घास नाकारला तर तिच्या माहेराचा अपमान, घेतला तर परत पाच दिवस. मी ठरवलं होतं — घ्यायचा. एकच घास. तिच्यासाठी.

धर्मराज समोर बसला. पोळी मोडली. मी तोंड उघडलं. आणि त्यानं काय करावं! पोळीचा पापुद्रा सोलून टोपलीत टाकला. मग मागं हात केला. त्याच्या बायकोनं झाकलेली वाटी दिली. वेगळं ठेवलेलं पुरण, पोळीला न लागलेलं. हात धुतला, त्यातला लाडवाएवढा मुटका उचलला नि माझ्या तोंडात कोंबला. सगळा! बोलता येईना.

"भिवराक्कानं सगळं सांगितलं," तो म्हणाला. "बिस्किटाचं बी."

मी अक्काकडे पाहिलं. ती आढ्याकडे.

"दाजी, बहीन माझी होती. मी कुठं वाळलो? तीन किलो वाढलो! म्हंजे काय ती माझी कोन न्हवती?"

लोक हसले. मी पुरणानं भरलेल्या तोंडानं — रडलो. चारचौघांत. वर्षभर आलं नव्हतं ते. पुरणात जायफळ जास्त होतं. छान होतं.

८ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. दुःख सुटलं म्हणून सणाला सुरुवात. श्रीखंड, ज्वारीच्या पुऱ्या (अक्काचा शोध, दगडासारख्या, मी चार खाल्ल्या). वजन ५५.

राधाकिशन चाकणहून परत आलाय. तिथं करमत नाही म्हणाला. मोटर भरून आणली, सोमवारी गिरणी चालू करणार. छावण्यांतून माणसं येतील, दळण येईल.

अक्काचा नि माझा खांदा संपलाय. दोघांनी ठरवलं, सोमवारी पहाटे मी जायचं, सगळ्यांच्या आधी. राधाकिशनला विनंती करायची की माझी ज्वारी पहिली घे, गव्हाआधी. काय शब्दांत सांगायचं ते दोन दिवस जुळवतोय. लोक म्हणतील, सेक्रेटरी म्हणून मान मागतो.

११ एप्रिल, सोमवार

सहाच्या आधीच गेलो. तरी चार बाया पुढं, चौघींचा गहू. मी मागं उभा राहिलो. शब्द जुळवत.

राधाकिशननं मला पाहिलं. मी शब्द काढायच्या आत आला, माझ्या हातातला डबा घेतला. आधी दोन मुठी दगडावर सोडल्या, ते पीठ बाजूला काढलं — "शेळीला," म्हणाला. मग आमची ज्वारी. बाया कुरकुरल्या. तो म्हणाला, "पहिलं दळण सेक्रेटरींचं. चोवीस वर्सं झाली, वहिनींनी लावून दिलेलं हाय."

"सावित्रीनं?" मी विचारलं.

"शेवटच्या येळी आल्या तवा अंगात ताप होता. म्हनल्या, मी न्हाई आले तर त्येंचं पहिलंच घे, गव्हामागं टाकू नको, त्येंचं पोट बिघडतं. मंग माझीच मोटर जळाली. तुमाला सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

मी कसंबसं विचारलं, मला का नाही सांगितलं तिनं?

तो हसला. "म्हनायच्या, सेक्रेटरीला पोळीचा लई सोस. मनाई केली तर चोरून खातील. पुरल्या न्हाईत म्हनलं की नुसते रुसतात."

डबा पोटाशी धरून घरी आलो. पीठ गरम होतं.

दुपारी — भाकरी तीन. पोट — बरं.